हिरडीतला धागा

दिवाळीत आमच्या घरी फटाक्यांच्या आधी खलबत्त्याचा आवाज सुरू होतो. चकलीचा पहिला घाणा निघाला, की चार चकल्या देवापुढे आणि चार खलबत्त्यात, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे. खलबत्त्यातल्या चकल्यांचा भुगा होतो, तो दह्यात कालवला जातो आणि वाटी आईपुढे जाते. आईची सत्तरी उलटून गेली. तिला कवळी आहे. पण ती पेटीत असते. लग्नकार्याला जायचे असले, की तेवढ्यापुरती ती तोंडात येते आणि घरी परतताच पुन्हा पेटीत जाते. कवळीने चकली खाता येत नाही. खरे म्हणजे, त्या कवळीने काहीच खाता येत नाही.

माझी मुले लहानपणापासून हे पाहत आली आहेत. आजीला दात नसायचेच, अशी त्यांची समजूत. मला मात्र आईचे दात चांगले आठवतात. ऊस सोलायला तिने कधी कोयता घेतला नाही.

ते दात गेले १९९२ साली, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी. आमचे गाव उमरग्याच्या बाजूला. मी तेरा वर्षांचा होतो आणि आई चाळिशीच्या आगेमागे. दोनतीन वर्षांपासून तिच्या हिरड्यांतून रक्त येई. राखुंडी लावली की राखुंडी लाल होई. म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून तिने मिशरी धरली. तव्यावर तंबाखू भाजून, चुरून ती डबीत भरून ठेवी. मिशरीने बरे वाटते, असे ती म्हणे. पुढे तोंडाला वास येऊ लागला, हिरडी दाबली की पू दिसू लागला आणि पुढचे दोन दात बोटाने हलू लागले. दुखत मात्र फारसे नव्हते. दुखले असते, तर ती लवकर उठली असती.

त्या दिवसांत गावात औषध म्हणजे कंपौंडरकडची कॅप्सूल. जखम झाली, गळू फुटले, शेळीच्या खुराला लागले, सगळ्याला तीच. कॅप्सूल गिळायची असते हे सर्वांना ठाऊक होते. पण ती उघडून आतली पिवळी पूड जखमेवर भुरभुरली, तर औषध नेमके जागेवर जाते, असा सरळ हिशेब होता. आईने तेच केले. एका संध्याकाळी चुलीपुढे बसून तिने टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पिळून उघडली, पूड तळहातावर घेतली आणि बोटाने दातांच्या मुळांशी दाबदाबून भरली. मी कंदील धरून उभा होतो. पूड इतकी कडू होती, की तिच्या डोळ्यांना पाणी आले. पाचदहा मिनिटांत सगळी लाळेबरोबर वाहून गेली. दुसऱ्या दिवशी तिला बरे वाटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पू.

अखेर तालुक्याच्या गावी एका दाताच्या डॉक्टरकडे वडील तिला घेऊन गेले. त्याने दात हलवून पाहिले आणि सगळेच काढावे लागतील, असे सांगितले. तीन खेपांत सगळे काढले. शेवटच्या खेपेचे दात आईने कागदाच्या पुडीत घरी आणले होते. मी ते मोजले आणि निरखून पाहिले. त्यात एकही किडलेला नव्हता.

हे सारे मी विसरलो होतो असे नाही. पण आठवावे असे काही कारण घडले नव्हते. कारण घडले ते गेल्या वर्षी. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहीत असता जीभ सहज खालच्या दातावर गेली आणि दात हलला. मी खडू खाली ठेवला. माझे वय तेव्हा आईच्या त्या वेळच्या वयापेक्षा चारपाच वर्षांनी जास्त होते. घरी जाऊन आरशात हिरडी दाबून पाहिली. जे दिसेल असे वाटले होते, तेच दिसले.

एस.टी.ने औश्यावरून लातूर गाठले. तिथल्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात माझ्या मुलीपेक्षा चारसहा वर्षांनी मोठी असेल, अशी एक डॉक्टर मला तपासायला बसली. तिच्या हातात काळ्या खुणा असलेली बारीक सळई होती. ती एकेका दाताच्या कडेने हिरडीत सरकवून ती आकडे सांगू लागली आणि दुसरी मुलगी ते लिहून घेऊ लागली. तीन, तीन, चार, सहा, पाच. पेपर तपासून गुण सांगावेत तसे. फरक इतकाच, की इथे जास्त गुण वाईट.

“सर, हे मिलिमीटर आहेत,” ती म्हणाली. “निरोगी हिरडी आणि दात यांच्यामध्ये तीनपर्यंतची फट असते. तुमच्या इथे सहाचं पॉकेट झालंय.”

दोन खेपांत तिने मुळांवरचे किटण खरवडून काढले. दीड महिन्याने पुन्हा मोजले. बरेच खिसे उथळ झाले होते. पण त्या हलणाऱ्या दाताजवळचा आणि आणखी एक, असे दोन जैसे थे राहिले होते. तेव्हा तिने एका लहानशा बाटलीतून कापसाच्या पिंजलेल्या धाग्यासारखे काहीतरी चिमट्याने उचलले आणि त्या दोन खिशांत दाबून बसवले. “हा धागा आपोआप विरघळेल. दहा दिवस इथं ब्रश लावू नका, कडक काही खाऊ नका.”

मी विचारले, “बाई, आहे काय यात?”

“टेट्रासायक्लिन,” ती म्हणाली.

वाचकहो, त्या खुर्चीवर तोंड उघडे ठेवून पडलेलो असताना मला चूल दिसली, कंदील दिसला आणि आईचा पिवळा तळहात दिसला. तेच औषध, तोच रोग आणि तीच जागा. मग तेव्हा ते का लागू पडले नाही?

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कादंबऱ्या लिहितो, त्यांत डॉक्टर असला तर त्याला नाडी पाहण्यापलीकडे काम देत नाही. तरी मास्तरकीची खोड अशी, की एक प्रश्न डोक्यात बसला, की उत्तर मिळेतो स्वस्थता नाही. वर्षभर मिळेल ते वाचले, त्या डॉक्टर मुलीला पुन्हा पुन्हा भंडावले. आणि त्यातून जो इतिहास हाती लागला, तो इथे सांगतो आहे.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या जिल्ह्यात तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे तेर. तेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर म्हणून त्याचा उल्लेख आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. मुलांच्या सहली घेऊन मी अनेकदा तिथे गेलो. “गुरुजी, हे खरंच दाताचं हाय?” असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. हत्तीचा का असेना, दात जमिनीखाली शतकानुशतके टिकतो. दात मोठा चिवट पदार्थ आहे. पायोरियात दात मरत नाही. दाताला धरून ठेवणारी मुठी सैल होते. हिरडी आणि दात यांच्या सांध्यात जंतूंचा थर बसतो, त्याचे पुढे दगडासारखे किटण होते, हिरडी सुजते आणि मुळापासून सुटते. सुटलेल्या जागेत खिसा तयार होतो. खिशात आणखी जंतू जमतात आणि त्यांच्याशी चाललेल्या लढाईत शरीर स्वतःचेच हाड गमावून बसते. आईच्या पुडीतले दात धडधाकट होते, त्याचे कारण हे.

हा रोग काही आजकालचा नव्हे. सुश्रुताने तोंडाचे पासष्ट रोग सांगितले, त्यांपैकी पंधरा दातांच्या मुळांचे. त्यातल्या दंतवेष्टाचे आणि उपकुशाचे वर्णन वाचले, की आईचीच केस कोणी लिहून ठेवली आहे असे वाटते. पू येतो, रक्त येते, दात हलतात, तोंडाला दुर्गंधी येते. त्यावर खरखरीत पानांनी हिरडी घासून दूषित रक्त काढावे आणि मग सैंधव, सुंठ, मिरे, पिंपळी अशी औषधे मधात कालवून बोटाने चोळावीत, असा उपचार आहे. याला प्रतिसारण म्हणतात. तोंड भरून औषधी द्रव धरणे तो गंडूष, आणि खळखळून फिरवणे तो कवल. मला मौज वाटली ती मधाची. मध औषध म्हणून तर आहेच, पण तो चिकटतो. लाळेच्या प्रवाहात औषध टिकायचे कसे, ही अडचण त्या वैद्यांनाही जाणवली असली पाहिजे. नाडीव्रणासाठी, म्हणजे आत खोल गेलेल्या वाहत्या जखमेसाठी, तर सुश्रुताने क्षार लावलेले सूत वापरले आहे. औषधाचा धागा ही कल्पना तेव्हाही होती. पण म्हणून लातूरचा धागा सुश्रुताने काढला होता, असे सांगत सुटण्यात अर्थ नाही. जंतू कोणी पाहिलेच नव्हते.

ते पाहिले हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने. अँटनी व्हान लेव्हेनहुक त्याचे नाव. १६८३ साली, इकडे छत्रपती संभाजी महाराजांची कारकीर्द चालू असता, याने आपल्याच दातांच्या फटीतला पांढरा मळ स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने तसे पत्र लिहिले. पण माझ्या दृष्टीने त्याचा खरा मोठेपणा पुढच्या प्रयोगात आहे. या जीवांवर त्याने शिरका, म्हणजे व्हिनेगार, घालून पाहिला. तोंडातून बाहेर काढलेल्या मळातले जीव मेले. दातांवरच्या मळात मात्र वरवरचे तेवढे मेले. थराच्या आत शिरका पोचलाच नाही. औषध चांगले होते, पण ते पोचत नव्हते. एवढी मोठी गोष्ट या कापडवाल्याने लिहून ठेवली आणि पुढची दोनतीनशे वर्षे दंतवैद्यांनी तीच पुन्हा पुन्हा ठेचकाळून शिकून घेतली.

अमेरिकेत हार्टफर्ड गावी जॉन रिग्ज नावाचा दंतवैद्य होता. ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, स्वतः हुंगून आपला दात काढवून घेतला. वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासातला तो मोठा दिवस. तो दात काढणारा हात रिग्जचा होता. हाच रिग्ज पुढे म्हणू लागला, की दात हलतो म्हणून काढू नका; हिरडीखाली जाऊन मूळ खरवडा. १८७६ साली त्याने आपला हा अनुभव मांडला, आणि लोक या रोगालाच रिग्जचा रोग म्हणू लागले. लातूरच्या त्या मुलीने माझे किटण काढले, ते रिग्जच्या वाटेने.

पण खरवडणे हे कष्टाचे आणि वेळखाऊ काम. त्यापेक्षा दात उपटणे सोपे. त्यातच १९१० साली विल्यम हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने माँट्रियल येथे भाषण करून तोंडातली घाण हे शरीरातल्या नाना रोगांचे मूळ असल्याचे प्रतिपादन केले. झाले! संधिवात असो, पोटदुखी असो, काढा दात, असा सपाटा इंग्लंड-अमेरिकेत सुरू झाला आणि तो दोनतीन दशके चालला. हिरड्यांचा रोग आणि मधुमेह यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे आज पक्के ठाऊक झाले आहे. तेव्हा हंटरचे म्हणणे सगळेच खोटे होते असे नाही. पण त्या लाटेत किती चांगले दात बादलीत गेले असतील! आमच्या तालुक्याच्या डॉक्टरला मी म्हणूनच फार दोष देत नाही. त्याच्यामागे एक परंपरा उभी होती.

याच सुमारास कलकत्त्यातून एक वाट फुटली. सर लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये इमेटिनची सुई टोचून अमीबाचा आमांश बरा करता येतो, असे दाखवले. पायोरियाच्या खिशातही अमीबासारखा एक जीव सापडतो. न्यू ऑर्लिन्सच्या चार्ल्स बास या डॉक्टराने तोच या रोगाचा बाप मानला आणि १९१४-१५ साली रोग्यांना इमेटिन टोचायला सुरुवात केली. मोठा गाजावाजा झाला. पण इमेटिनने पायोरिया जाईना. बास मोठा चिकाटीचा माणूस. आपले औषध फसले म्हणून तो विषयावर रुसला नाही. १९४० मध्ये अधिष्ठातापदावरून निवृत्त झाल्यावर त्याने सूक्ष्मदर्शक काढून दात घासायचा कसा, याचाच अभ्यास मांडला. ब्रशचे केस मऊ असावेत, ते हिरडीच्या कडेशी तिरपे, पंचेचाळीस अंशांत धरावेत आणि हलकेच थरथरवावेत, ही आज सगळे दंतवैद्य शिकवतात ती पद्धत त्याची. सुईवाला शेवटी ब्रशवाला झाला आणि पुरी शंभर वर्षे जगून १९७५ साली वारला.

मग प्रतिजैविकांचे युग आले. महायुद्धाच्या काळात तोंडात चघळायच्या पेनिसिलिनच्या गोळ्या निघाल्या. त्यांनी जीभ काळी पडे, अंगावर पुरळ उठे आणि जंतू निगरगट्ट होत. त्या मागे पडल्या. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा आनंद झाला होता, हे जुनी मंडळी अजून सांगतात. टेट्रासायक्लिनच्या घराण्याचा मूळपुरुष ऑरिओमायसिन. तो अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीत बेंजामिन डुगर या सत्तरी ओलांडलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला सापडला. १९४८ साली तो जाहीर झाला. लेडर्ली कंपनीच्या ज्या संशोधन विभागात हे काम झाले, त्याचे प्रमुख भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले. पुढच्याच महिन्यात आमचा जिल्हा निजामाच्या अमलातून मुक्त झाला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. पण माझ्या टिपणवहीत त्या शेजारी-शेजारी आल्या, म्हणून सांगितल्या.

टेट्रासायक्लिनचे दाताशी नाते विलक्षण आहे. ते हाडाला आणि दाताला धरून बसते. म्हणूनच लहान मुलांना आणि गर्भारशीला ते देत नाहीत. बाळाचे दात जन्माचे पिवळे होतात. पण हाच दुर्गुण पायोरियात गुण ठरतो, कारण दाताच्या मुळाला चिकटलेले औषध मग हळूहळू सुटत राहते. शिवाय हिरडीचे तंतू कुरतडणाऱ्या रसालाही ते आवर घालते.

दुसऱ्या एका औषधाची कथा तर कादंबरीत घातली, तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मेट्रोनिडॅझोल हे औषध फ्रान्समध्ये निघाले ते स्त्रियांच्या एका जंतुविकारासाठी. लंडनमध्ये एक बाई त्यासाठी ते घेत होती. तिच्या हिरड्याही सडल्या होत्या. तिने आपल्या दंतवैद्याला सांगितले, की औषध घेतल्यापासून हिरड्याही बऱ्या झाल्या. दुसरा एखादा “असं कसं होईल बाई!” म्हणून हसला असता. शिन या दंतवैद्याने मात्र ते मनावर घेतले, इतर रोग्यांवर पडताळले आणि १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले. हवेवाचून जगणाऱ्या जंतूंवर ते औषध चालते, हे त्यातून जगाला कळले. हिरडीचा खिसा म्हणजे अशा जंतूंचे माहेरघरच. आज पोटाच्या शस्त्रक्रियेत हे औषध सर्रास वापरतात, त्याचे मूळ एका रोगिणीच्या बोलण्यात आहे.

तर औषधे मिळाली. पण गोळी पोटात गेली, की ती सगळ्या अंगभर वाटली जाते. खिशात पोचते ते चिमूटभर. आणि बाहेरून लावले, चूळ भरली, तर? याचे उत्तर बोस्टनच्या फॉर्साइथ दंतसंशोधन संस्थेतील मॅक्स गुडसन यांनी हिशेबाने दिले. दाताच्या खिशात शरीरातून सतत पातळ द्रव पाझरत असतो. पाच मिलिमीटरच्या खिशातला द्रव तासाला सुमारे चाळीस वेळा बदलतो. म्हणजे दर दीड मिनिटाला खिसा रिकामा होऊन पुन्हा भरतो. असल्या वाहत्या झऱ्यात पूड टाकून काय होणार!

ही ओळ मी प्रथम वाचली, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ ओसरीवर बसलो होतो.

गुडसन यांनी काय केले? सेल्युलोज अ‍ॅसिटेटची केसासारखी पोकळ नळी घेतली, तीत टेट्रासायक्लिन भरले आणि ती दाताभोवती हिरडीच्या खाली गुंडाळली. आपल्या दोघा सहकाऱ्यांबरोबर त्यांनी हे १९७९ साली प्रसिद्ध केले. जंतू कमी झाले. पण नळी भराभर रिकामी होई. मग पोकळ नळीऐवजी भरीव धागा आला. प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थातच औषध मिसळलेले, ते रोज थोडे थोडे झिरपणारे. २३ सेंटिमीटर लांबीचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा हा धागा, त्यात १२.७ मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन. गोधडीत चिंध्या भराव्यात तसा तो घडीवर घडी घालून खिशात भरायचा, वरून गोंद लावायचा आणि दहा दिवसांनी ओढून काढायचा. गोळी घेतली तर खिशातल्या द्रवात दर मिलिलिटरला फार तर पाचदहा मायक्रोग्रॅम औषध सापडते. या धाग्याने ते तेराशेच्या वर गेले, आणि तेही दहा दिवस. बाकी शरीराला त्याची गंधवार्ता नाही. अमेरिकेत १९९४ साली त्याला परवानगी मिळाली.

त्यानंतर मग रांगच लागली. क्लोरहेक्झिडिनची नखाएवढी जिलेटिनची चकती आली, आत गेल्यावर घट्ट होणारा डॉक्सिसायक्लिनचा लगदा आला, मिनोसायक्लिनचे पिठासारखे गोलक २००१ साली आले. काढायला पुन्हा बोलवावे लागणारा तो पहिला धागा या गर्दीत मागे पडला. आपल्याकडे चेन्नईच्या एका कंपनीने धागाच धरला, पण तो कोलॅजेनचा केला. कोलॅजेन हे प्राण्यांच्या शरीरातले तंतुमय प्रथिन. ते आपोआप विरघळते. एस.टी.ने दोनदोन तास प्रवास करून येणाऱ्या आमच्यासारख्यांना ही सोय केवढी मोठी! माझ्या बाटलीत होता तो हाच. २५ मिलिग्रॅम कोलॅजेन आणि त्यात सुमारे २ मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन. आईच्या कॅप्सूलमध्ये साधारण अडीचशे असावे.

या धाग्याची फार आरतीही ओवाळायला नको. त्या डॉक्टर मुलीने मला हे स्वच्छ बजावले. आधी खरवडल्यावाचून धागा भरला, तर तो लेव्हेनहुकचा शिरकाच होतो. जंतूंचा थर आधी मोडला पाहिजे. खरवडून जेवढा खिसा भरून येतो, त्याच्यावर धाग्याने सरासरी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमीच भर पडते. सगळ्या तोंडात तो भरत नाहीत. एखाददुसरा हट्टी खिसा उरला तर तेवढ्यापुरता वापरतात. आणि प्रतिजैविक कुठेही ऊठसूट वापरले, की जंतू त्याला सरावतात, हे तर आता सर्वांना ठाऊक आहे. “सर, औषध माझ्याकडं, ब्रश तुमच्याकडं,” असे ती म्हणाली. तंबाखूचेही तिने विचारले. शाळेतून येताना चिमूटभर मळायची माझी सवय मी लपवली होती. तिने ती हिरडी पाहूनच ओळखली. सुटली आहे, असे आज लिहितो. पुढच्या दिवाळीला काय ते खरे.

तीन महिन्यांनी सहाचे चार झाले. दात अजून हलतो, पण पूर्वीसारखा नाही. तो राहील, असे ती म्हणते.

मी एकदा सगळ्या सालांची मांडणी केली. गुडसन यांचा धागा १९७९ चा. तेच माझ्या जन्माचे वर्ष. म्हणजे चुलीपुढे आई पूड भरत होती, तेव्हा बोस्टनला तेच औषध त्याच जागी भरून तेरा वर्षे झाली होती. अमेरिकेतल्या लोकांनाही ते सर्रास मिळायला आणखी दोन वर्षे होती. आणि रिग्जची खरवडणी तर तोवर शंभरावर वर्षांची जुनी झालेली. तिला ना धागा लागत होता, ना कारखाना. लागत होता तो हिरडीखाली उतरणारा हात आणि दोन तासांचा वेळ. आईच्या वाट्याला तो हात आला नाही. तिला निदान ती खरवडणी मिळाली असती तर, असे मला वाटते. मग तिचा मिशरीचा डबा आठवतो आणि खात्रीने काही म्हणवत नाही.

यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी भाजणी दळून आणली. आई पाटावर बसून सोऱ्यात पीठ भरत होती. मी तिला हे सगळे सांगितले. सुश्रुत सांगितला, डेल्फ्टचा कापडवाला सांगितला, झऱ्याचा हिशेब सांगितला. ती ऐकत होती. मग म्हणाली, “म्हंजी माझं औशद बराबर व्हतं म्हन की.”

“बरोबर होतं, आई.”

“मग ऱ्हायलं न्हाई कसं?”

“वाहून जात होतं. धरून ठेवायला काही नव्हतं.”

तिने सोऱ्या खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि नातवाला मोबाइलची बॅटरी लावायला सांगितली. “आ कर,” मला म्हणाली. शेहेचाळीस वर्षांचा मी स्वयंपाकघरात तोंड उघडून बसलो. तिने माझी हनुवटी धरून डोके वर केले, खालचा ओठ अंगठ्याने ओढला आणि कितीतरी वेळ पाहत राहिली.

“कुठाय त्यो धागा?”

“विरघळला, आई. वर्ष झालं.”

“हं,” म्हणाली आणि पुन्हा सोऱ्याकडे वळली. पहिला घाणा निघाला तेव्हा तिने चार चकल्या देवापुढे ठेवल्या, चार खलबत्त्यात टाकल्या आणि बत्ता माझ्या हातात दिला.